गरम, गार, गार, गरम

त्या इस्पितळात फिजिओथेरपीचा विभाग तळघरात होता. ज्यांना धड चालता येत नाही त्यांना आधी जिना उतरायला लावायचा, ही अक्कल कुणाच्या डोक्यातून निघाली होती कोण जाणे. लिफ्ट होती, नाही असं नाही, पण तिच्या मनात असेल तेव्हा ती चालायची. खाली उतरलं की डाव्या हाताला एक लांबलचक बाकडं, आणि त्यावर गुडघे, कंबरा, माना आणि खांदे रांगेत बसलेले. माणसांना तिथे अवयवांनीच ओळखत. "तो खांदा आला का?" "त्या कंबरेला सांगा, अजून वेळ आहे." आणि पडद्यापलीकडे, वाफेत, हातात लांब चिमटा घेऊन उभी शेकताई.

शेकताईचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं तिथेच राहिलं. तिने रीतसर पदवी घेतली होती. सांध्यांची, स्नायूंची, नसांची नावं तिला तोंडपाठ होती. सुरुवातीला ती मोठ्या हौसेने व्यायाम शिकवायची, पाय असा उचला, खांदा असा फिरवा. पण व्यायामाचं नाव काढलं की लोकांची तोंडं वाकडी व्हायची. "ते करू हो घरी, आधी जरा शेक द्या," म्हणायचे आणि घरी जाऊन काही करायचे नाहीत. वरच्या मजल्यावरून येणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरही तोच एक शब्द. मग शेक तर शेक. गरम पाण्याच्या टाकीत शेकाच्या जाडजूड पिशव्या लोंबकळत असत, एका कोपऱ्यात वितळलेल्या मेणाचं भांडं, दुसऱ्या कोपऱ्यात बर्फाची पेटी. सुजेला बर्फ, आखडलेल्याला गरम, बोटांच्या सांध्यांना मेण, आणि कुठे कुठे करंटचं मशीन. दिवसभर वाफेतून बर्फात आणि बर्फातून वाफेत हात घालून तिच्या बोटांची कातडी धुतल्या फडक्यासारखी झाली होती.

तळघराला खिडकी नव्हती. छताला लागून एक लांबट झरोका तेवढा होता आणि त्याच्यातून रस्ता दिसे, म्हणजे रस्त्यावरचे पाय दिसत. काम नसलं की शेकताई मान वर करून ते बघत बसे. हा टाच टेकवत नाही. ही उजव्या पायावर भार देत नाही, कंबर दुखत असणार. ह्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय. माणसं दिसत नसत, पण ती सगळी कुठे ना कुठे निघालेली आहेत एवढं त्या पायांवरून स्वच्छ कळे. आपण तेवढ्या इथेच, असं तिला वाटे. मग बाकड्यावरून कुणीतरी कण्हत हाक मारी, आणि ती चिमटा उचली.

शेक ठेवण्याआधी एक काम मात्र ती कधीच चुकवत नसे. काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटने डोळे मिटायचे. जिथे शेक द्यायचा तिथल्या कातडीला ताई एकेक नळी टेकवणार आणि विचारणार, गरम की गार? ज्याला कळेल त्याला शेक. ज्याला कळणार नाही त्याला नाही, मग तो कितीही हातापाया पडो. कारण ज्या कातडीला गरम कळत नाही ती भाजली तरी बोंब मारत नाही. शुगरच्या जुन्या पेशंटांचं हे नेहमीचं. पिशवीखाली पाऊल भाजत असतं आणि माणूस वर छताकडे बघत म्हणतो, बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी फोड, मग जखम, मग ती जखम भरायचं नाव घेत नाही, आणि कधी कधी गोष्ट बोट, कधी पाऊल कापण्यापर्यंत जाते.

कॉलेजात त्यांच्या बाईंनी हे शिकवताना बजावलं होतं, "नळ्यांचा क्रम सारखा बदलत राहा. पेशंटचे डोळे मिटलेले असतात, डोकं नाही." सुरुवातीची बरीच वर्षं शेकताईने ते पाळलंही. पण गर्दी वाढली, रोजचे तेच गुडघे, तीच पावलं. हळूहळू हाताला वळण पडलं आणि हात आपला आपण चालू लागला. गरम, गार, गार, गरम. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. रोज सकाळी आपण आधी कोणत्या पायात चप्पल घालतो, हे कुणाच्या ध्यानात असतं?

संध्याकाळी ती घरी जायची. तिथे आई होती.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शेकताईचा पलंग, आतल्या खोलीत आईचा, आणि त्याला लागूनच स्वयंपाकाचा ओटा. वडील गेल्यावर थोरला भाऊ लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. शेकताईचंही लग्न जमत होतं, मग जमायचं राहिलं, मग लोकांनी विचारायचं सोडलं. आईला शुगर. ती घरातल्या घरात हिंडत होती, स्वतःची अंघोळ स्वतः करत होती, भाजी निवडत होती, तोंडाने तर कुणाला हार जाणारी नव्हती. पण संध्याकाळी तिचे पाय गार पडत. निदान ती तसं म्हणे.

लेक दारात चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज येई, "आलीस? शेक देतेस ना ग?"

दिवसभर शेक देऊन आलेल्या बाईला घरी आल्या आल्या हे ऐकायचं म्हणजे काय होत असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. तिच्या डोक्यात तिडीक जायची. तरी पातेल्यात पाणी चढायचं, पिशवी उकळायची, दोन नळ्या निघायच्या, कारण नियम म्हणजे नियम, तो घरीही. आई डोळे मिटून उत्तरं द्यायची आणि कधी चुकायची नाही. मग टॉवेलात गुंडाळलेली पिशवी पावलांवर, आणि शेकताई पायथ्याशी. पिशवी सोडून उठायचं नसतं, मध्ये मध्ये कातडी बघावी लागते. तेवढ्या वेळात आई बोलून घ्यायची. शेजारीण काय म्हणाली, पाणी किती वाजता गेलं, आज डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. शेकताई हूं हूं करायची आणि घड्याळाकडे बघायची.

हे दुखणं नाही, हे दावं आहे, असं तिच्या मनात यायचं. आईने मला या दाव्याला बांधलंय. असं मनात आलं की स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुन्हा राग यायचा, की आता लाजही माझ्याच वाट्याला का म्हणून?

आणि मग एक दिवस दावं सुटायची वेळ आली.

तिची कॉलेजातली एक मैत्रीण दुसऱ्या शहरात एका नव्या कॉलेजची मुख्य झाली होती. तिने फोन करून सांगितलं, "शिकवायला ये. मला तुझ्यासारखी हाताने काम केलेली बाई हवी आहे, पुस्तकं वाचून दाखवणारे ढिगाने आहेत." राहायला खोली होती, कॉलेजच्या आवारातच. एकटीपुरती. आईला नेता येण्यासारखी नव्हती, वरच्या मजल्यावर होती आणि जिना उभा होता.

"आणि एक सांगू?" मैत्रीण हसत म्हणाली. "वर्गांना खिडक्या आहेत. मोठाल्या."

शेकताईने फोन ठेवला. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं की कसलं, हे बघायला ती थांबली नाही. तोंडावर पाणी मारून ती कामाला लागली.

आईला सांगायचं कसं, हा मोठाच घोर होता. आई रडेल, आजारी पडेल, निदान जेवण तरी सोडेल, अशी सगळी तयारी ठेवून तिने एका संध्याकाळी शेक चालू असताना विषय काढला. आई म्हणाली, "जा."

"जा काय आई? तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? दादाकडे राहीन. त्याला काय मी परकी आहे? तू दादाशी बोल."

सुटका हवी होती, पण इतक्या सहज सोडलं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला थोडं लागलंच.

दादाचं म्हणणं सरळ होतं, आणि चुकीचं म्हणता येईल असं नव्हतं. "आईला ठेवायला आमची ना नाही," तो म्हणाला. "पण आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो. स्वतःचं स्वतः करतेय तोवर काही अडचण नाही. फक्त पायाचं काही निघालं, तर ते हिच्याच्याने होणार नाही. तुला माहीत आहे सगळं."

शेकताईला माहीत होतं. वहिनीच्या वडिलांच्या पायाला असंच काहीसं लागलं होतं. त्यांना ते कळलं नाही, घरच्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यांची सगळी उस्तवार वहिनीने एकटीने केली होती, आणि त्या दिवसांबद्दल ती अजून अवाक्षर काढत नसे. फक्त कुणाच्या पायाला पट्टी दिसली की ती खोलीतून उठून जाई.

"आईच्या पायांना सगळं नीट कळतं," शेकताई म्हणाली. "मी रोज तपासते."

"मग एकदा हिच्यासमोर तपास," दादा म्हणाला. "तिची खात्री पटू दे."

रविवारी दोघं आली. आईने ठेवणीतले कपडे घातले होते, केस विंचरले होते, आणि वधूपरीक्षेला बसावं तशी ती खुर्चीत ताठ बसली होती. शेकताईने पाणी भरलं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आत यावं की नाही या विचारात.

"आई, डोळे मीट."

आईने डोळे मिटले.

"गरम!" आई म्हणाली. मग "गार!" मग "गार!" आणि शेवटी असं काही खणखणीत "गरम!" की शाळेत पाढे म्हणून दाखवतेय असंच वाटावं.

दादाने टाळी वाजवली. "शंभर टक्के!"

"अजून एकदा घे हवं तर," आई म्हणाली. "दुसऱ्या पायावर घे."

दुसऱ्या पायावरही सगळं बरोबर. वहिनी हसली, पुढे आली, आईच्या शेजारी बसली आणि कोणती खोली, कोणता पलंग, खिडकीशी झोपायला आवडेल की भिंतीशी, हे बोलायला लागली. शेकताई नळ्या धुवायला ओट्याशी गेली. खिडक्या, ती मनात म्हणत होती. मोठाल्या खिडक्या.

दुसऱ्या दिवशी विभागात पहिला नंबर ड्रायव्हरकाकांचा होता. सगळा जन्म बस चालवून निवृत्त झालेले, आता शुगर आणि पावलांचं दुखणं सांभाळत बसलेले काका आठवड्यातून दोनदा यायचे. बाकड्यावर त्यांची हक्काची जागा होती आणि बाकड्याचा सगळा कारभार तेच बघत. शेकताईने दोन्ही नळ्या भरल्या आणि एवढ्यात मावशी, म्हणजे विभागातली मदतनीस, पडद्यातून डोकावली.

"ताई, ऑफिसात फोन आहे तुमचा. लांबचा आहे म्हणे."

मैत्रिणीचाच होता; तळघरात मोबाइल लागत नसे. तिला वरच्यांना नाव कळवायचं होतं. "संध्याकाळी मी तुझ्या मोबाइलवर करते, तेव्हा हो की नाही ते सांग. आणि ऐक, पहिल्या वर्षाला गरम-गारचा सगळा विषय तुझ्याकडे. शेक कसा द्यायचा, कुणाला द्यायचा नाही, हे तुझ्याइतकं कोण शिकवणार?"

दोघी बोलत राहिल्या. कॉलेज, जुन्या बाई, कोण कुठे आहे. शेकताई परत आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिने स्टँडमधल्या नळ्या बुचांना धरून उचलल्या, काकांच्या पावलांना लावल्या.

"गरम," काका म्हणाले. "गार. गार. गरम."

"छान," शेकताई म्हणाली. चिमट्याने टाकीतली पिशवी काढली, निथळत ठेवली, टॉवेल पसरले आणि नळ्या रिकाम्या करायला बेसिनकडे वळली. गरम पाण्याची नळी तिने हातावर उपडी केली.

पाणी थंडगार होतं. नळ्यांचा स्टँड बर्फाच्या पेटीला टेकून ठेवलेला होता, आणि फोनवर इतका वेळ गेला होता की दोन्ही नळ्यांत आता काही फरक उरला नव्हता.

ती परत पडद्यामागे गेली.

"काका, पुन्हा डोळे मिटा."

तिने तीच एक थंडगार नळी पुन्हा पुन्हा टेकवली.

"गरम," काका म्हणाले. "गार. गार. गरम."

"काका, हे सगळं गारच होतं."

काकांनी डोळे उघडले आणि चोरी पकडली गेल्यासारखे हसले. "असं होय? अहो ताई, मग सांगायचं तरी. तुमचं ठरलेलंच असतं की, आधी एक गरम, मग दोन गार, मग गरम. बाकड्यावर सगळ्यांना पाठ आहे. नवा माणूस आला की आम्ही आधी तेच शिकवतो त्याला. नाहीतर तुम्ही शेक देत नाही ना."

पडद्यापलीकडे बाकड्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. शेकताईने मात्र काकांचं पाऊल हातात घेऊन उलटं करून बघितलं. टाचेच्या कडेला वाळलेल्या फोडाचा डाग होता.

"हा कसला?"

"बुटाचा असेल," काका म्हणाले. मग जरा थांबून, "असेल बुटाचाच."

तो बुटाचा होता की तिच्या पिशवीचा, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"काका, पायाला कळतच नाही तर शेक हवा कशाला तुम्हाला?" ती जवळजवळ ओरडलीच.

काका पायमोजे चढवत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "घरी कोण पायाला हात लावतंय ताई? इथे निजलं की तुम्ही दहादा येऊन विचारता, जास्त तर नाही ना, बरं वाटतंय ना. बरं वाटतं ते."

तिने त्यांना शेक दिला नाही. त्यांना वरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, टाचेचा डाग दाखवायला मावशीला बरोबर दिलं. दिवसभर बाकड्यावरच्या प्रत्येकाला तिने उलटसुलट क्रमाने तपासलं आणि बाकडं नाराज झालं. पण तिचं लक्ष तिथे नव्हतंच. कानात एकच आवाज होता, रविवारचा, खणखणीत.

घरी जाताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेली. डोक्यात एक विचार आला होता आणि तो जाता जात नव्हता. आज तपासलंच नाही तर? आई काल सगळ्यांसमोर पास झाली. दादा खूश, वहिनी खूश. शिवाय दादाकडे तिला शेक कोण देणार आहे? शेक नाही तर भाजण्याचा प्रश्न नाही. मग आईच्या पायाला कळलं काय आणि न कळलं काय, कुणाचं काय बिघडलं?

असा वकिली विचार करत ती चौकापर्यंत आली. तिथे तिला चपलेत खडा टोचला. तिने वाकून तो काढला, आणि तिथेच वकिली संपली. आईच्या चपलेत खडा गेला तर आई दिवसभर तशीच हिंडेल. अंघोळीचं पाणी कढत असलं तर ती खुशाल पाय घालेल. आणि वहिनी पायाकडे बघणार नाही, कारण पायाकडे बघणं तिच्याच्याने होत नाही. हे सगळं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, तिला होतं. नसतं माहीत तर किती बरं झालं असतं! शेकताईला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिक्षणाचा संताप आला. तळघराला निदान दार होतं.

घरी दारातच तिला स्वतःची मोठी बॅग दिसली. आईने शेजारणीकडून ती माळ्यावरून काढून घेतली होती, पुसून लख्ख केली होती आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर ठेवली होती.

"आलीस?" आतून आवाज आला. शेकाचं काही विचारलं नाही. "फोन आला का ग तिचा?"

"येईल आता. आधी शेक देते."

"आज राहू दे शेक. तू आवराआवर कर."

"पाणी चढवते," शेकताई म्हणाली.

तिने मोबाइल बाहेरच्या खोलीत बॅगेशेजारी ठेवला. पातेलं चढवलं. एका नळीत गरम पाणी भरलं, एकीत गार, आणि दोन्ही स्वतःच्या गालाला लावून बघितल्या. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. सांगायच्या आधीच तिने डोळे मिटले.

शेकताईने गार नळी लावली.

"गरम," आई म्हणाली.

पुन्हा गार.

"गार."

मग गरम.

"गार."

मग गार.

"गरम," आई म्हणाली, आणि डोळे न उघडता हसली. "पास ना?"

शेकताईने नळ्या जमिनीवर ठेवल्या. पातेल्यात पिशवी रटरटत होती, तिच्याकडे ती गेली नाही. ती पायथ्याशी बसली आणि तिने आईची दोन्ही पावलं आपल्या हातात घेतली. तिचे हात गार पडले होते, आणि पावलंही गारच होती. कातडी पातळ, रखरखीत, टाचांना भेगा. रोज त्यांच्यावर टॉवेल गुंडाळताना ती घड्याळाकडे बघत आली होती.

"हां," आईने सुस्कारा सोडला. "आता कसं बरं वाटलं. मस्त गरम आहे आज."

शेकताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिला आईचा राग आला, इतका की हातातली पावलं गदागदा हलवावीत. आणि माया आली, तीही तितकीच. दोन्ही एकदम आली आणि तिला काहीच करता येईना.

"आई, डोळे उघड."

"कशाला?"

"कधीपासून कळत नाही तुला?"

"मला सगळं कळतं," आई म्हणाली, आणि झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखे डोळे आणखी घट्ट मिटले. "रोज संध्याकाळी तू इथे बसायचीस, ते मला कळायचं. पुष्कळ झालं तेवढं. आता नाही बसलीस तरी चालेल. मी तुला पुष्कळ बसवून घेतलं."

बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"तिचाच असेल," आई म्हणाली. "जा, घे. हो म्हण."

फोन वाजत राहिला. शेकताईला उठायचं होतं. अगदी देवाशपथ, तिला उठायचं होतं. दोन पावलांवर दार होतं, दारापलीकडे पुसलेली बॅग होती, आणि फोनच्या पलीकडे मोठाल्या खिडक्या होत्या. तिने हात काढून घेतले असते तरी त्या पावलांना पत्ता लागला नसता. ती उठून गेली असती, वर्षभर आली नसती, तरी त्यांना कळलं नसतं. आणि नेमकं तेच तिला उठू देईना.

पातेल्याचं झाकण थडथडत होतं. फोन वाजता वाजता थांबला. तो घेतला म्हणून थांबला, असं आईला वाटलं असावं. तिचा चेहरा उजळला. डोळे मिटलेलेच ठेवून, बाहेरच्या खोलीत ऐकू जावं म्हणून मोठ्याने तिने विचारलं, "काय ग? म्हणालीस ना हो?"

"आई," पायथ्याशी बसलेली शेकताई म्हणाली, "मी इथेच आहे."